तोंडाकडे न बघणारा माणूस

मामा झोपेतही क्रेट उलटायचा. डबा खाऊन झाला की संघाच्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटांच्या थप्पीला पाठ लावून तो डोळे मिटायचा. थोड्या वेळानं त्याचे दोन्ही तळवे वर यायचे, समोरासमोर थांबायचे आणि हवेत काहीतरी धरल्यासारखे सावकाश फिरायचे. वरचा हात खाली, खालचा वर. मग मांडीवर पडायचे. छपराच्या पत्र्यात बसवलेल्या प्लास्टिकच्या दोन धुरकट तुकड्यांतून तेव्हा हिरवट उजेड उतरत असे, आणि पेरूंच्या वासानं शेड अशी भरलेली असे की तिथे नुसतं बसूनही कुणाला झोप यावी. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात तो वास गोड लागतो. दुसऱ्या आठवड्यात तो येईनासा होतो. तिसऱ्या आठवड्यात तो उशीतून येतो, केसांतून येतो, चहाच्या कपातूनही येतो, आणि आपण जागे आहोत की पेरूच्या आत बसलोय हे नीट कळत नाही.

तो उठला की मी विचारायची, "मामा, आज काय दिसलं?"

"तेच गं. एक क्रेट. ते उलटलं तर त्याच्याखाली दुसरं. ते उलटलं तर आणखी एक."

"आणि पेरू?"

"पेरू दिसेपर्यंत तू उठवलंस."

गाव त्याला उलटेमामा म्हणतं. नव्या ट्रकवाल्यांना ते आडनाव वाटतं. मी त्याची सख्खी भाची, त्यामुळे मला तो नुसता मामा. पण खरं सांगायचं तर हे नाव पहिल्यांदा मीच उच्चारलं होतं आणि चांगलं दात-ओठ खाऊन उच्चारलं होतं. त्याची हकीकत सांगायची तर आधी क्रेटबद्दल सांगावं लागेल.

आमच्याकडे क्रेटच्या वरच्या थराला तोंड म्हणतात आणि तळाला पोट. तोंडावर मोठी, गोल, डाग नसलेली फळं. पोटात बारीक, वाकडी, पोपटानं टोच मारलेली. याला तोंड भरणं म्हणतात आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुलाजवळचा दलाल तोंड बघून भाव बोलायचा, मग आम्ही तोंडच भरणार ना! पोटात काय आहे ते त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो आधीच भाव पाडून बोलायचा. तो पाडून बोलणार हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून आम्ही आणखी नेटानं तोंड भरायचो. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं म्हणतात. इथे कुणीच फसत नव्हतं आणि तरी बागा असलेल्या सगळ्या घरांची दरवर्षी थोडी थोडी माती होत होती.

मामा तरुणपणी त्याच दलालाकडे तोंड भरायच्या कामाला होता. शहरात जाणारा माल त्याच्या हातून सजून जायचा. पंधरा चांगल्या फळांत क्रेट असं सजवायचा की बघणाऱ्यानं हात जोडावेत. पुढे एकतीस घरांनी मिळून संघ काढला, जुन्या गोदामाची शेड केली, तेव्हा चेअरमनबाईंनी त्यालाच तपासणीला बसवलं. चोराची पावलं चोरालाच ठाऊक, असं त्या त्याच्या तोंडावर म्हणाल्या. मामाला ते फार आवडलं. तो अजून ते कौतुक म्हणून सांगतो.

संघात फळाला घराचं नाव नसतं. शेडचा उंबरा ओलांडला की हे कुणाचं आणि ते कुणाचं, सगळं संपलं. माल एक, भाव एक. त्यामुळे एकाच्या पोटातली वाकडी फळं म्हणजे एकतीस घरांच्या तोंडाला काळं. मामानं यावर आपली पद्धत काढली. भरलेलं क्रेट समोर आलं की वरचं वर्तमानपत्र न उचलताच तो त्यावर रिकामं क्रेट पालथं घालायचा. दोन्हींच्या कडा बोटांत धरायचा, गुडघा टेकवायचा आणि एका दमात दोन्ही फिरवायचा. फळाला कळता कामा नये, म्हणायचा. आतून एवढंसं खुळखुळायचं, बस्स. मग वर आलेलं जुनं क्रेट उचलून रिकामं शेतकऱ्याच्या हातात, आणि समोर उघडं पडलेलं पोट. तोंडाकडे तो बघतच नसे. तोंड बघितलं की डोळा भुलतो, हे त्याचं म्हणणं. पोट चांगलं असलं तर क्रेट तसंच ट्रकवर. नसलं तर शांतपणे, "घरी ने, नीट भरून आण."

पहिल्या दिवशी त्यानं पहिलं उलटलेलं क्रेट आमचं होतं. आईनं आणि मी भरलेलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, रांगेत सगळ्यांत पुढे, छाती काढून उभी. मामाच बसलाय तर आपलं कोण बघतंय! त्यानं उलटलं आणि आमची सगळी वाकडी, टोच मारलेली फळं गावासमोर उताणी पडली. मी क्रेट घेऊन घरी आले ती आदळआपट करत. आईला म्हणाले, "मामा कसला गं तो, उलट्या काळजाचा! उलटेमामा!" आई स्वतःच्या भावावर इतकी हसली की तिनं ते शेजारी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत बारसं उरकलं होतं.

पहिल्या वर्षी निम्मी क्रेटं परत गेली. दुसऱ्या वर्षी दहातलं एक. चौथ्या वर्षापासून परत पाठवायला क्रेटच उरलं नाही. मामा उलटायचा, मोठी गोल फळं लखलखत वर यायची, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरायचं की मला दुसरीकडे बघावं लागायचं.

"माणसं सुधारली गं," तो घरी चहा पिताना म्हणायचा.

"माणसं सुधारली," मामी आतून म्हणायची, "आणि तुम्ही अजून ओला टॉवेल पलंगावरच टाकता."

एकच काटा त्याला सलत होता. शहरातून निरोप यायचा, तुमच्या क्रेटमध्ये वर चांगला माल आणि खाली बारीक. दरवेळी तेच. मामाला हे इतकं लागलं की एकदा तो स्वतः ट्रकच्या मागे, ताडपत्रीखाली, क्रेटांमध्ये आडवा पडून शहरापर्यंत गेला. दोन दिवसांनी परत आला तो अंगाला पेरूचा वास आणि डोळ्यांत झोप घेऊन. "रस्ता वाईट आहे," त्यानं सगळ्यांना सांगितलं. "हादऱ्यानं बारीक फळ सरकत सरकत तळाला जातं. मी कान लावून ऐकलंय." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी जरा जास्तच डोलली.

रस्ता काही सुधारला नाही आणि भाव पडत गेला. एकेक घर गुपचूप पुलाजवळच्या दलालाकडे परत जाऊ लागलं. एकतिसाची एकोणीस झाली. चेअरमनबाईंचा आवाज बसला. तेवढ्यात शहरातल्या कितीतरी दुकानांसाठी खरेदी करणारी एक बाई येणार असं कळलं. तिला माल पसंत पडला तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच भाव ठरणार होता, तोही तीन वर्षांसाठी. नाही पडला तर पुढच्या हंगामात शेडला कुलूप, हे चेअरमनबाईंनी न सांगताही सगळ्यांना कळत होतं. आणि शेडला कुलूप लागलं तर मामा दुपारी पाठ कशाला टेकणार, हा विचार माझ्या मनात येऊन गेला.

त्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की शेडच्या दारात उभं राहून फाटक दिसत नव्हतं. माणसं आवाजानं यायची, मग पायांनी, मग चेहऱ्यानं. क्रेटं ओट्यावर ओळीनं मांडली होती. चेअरमनबाईंनी मामाला बजावलं होतं, आज काही उलटायचं नाही, माल जसा घरून येतो तसाच पाहुणीला दिसू दे, आपल्याला आता लपवायला आहे काय! मामा हसला. त्यानं नवा सदरा घातला होता आणि रिकामे हात कुठे ठेवायचे ते न कळून मागे बांधले होते.

पाहुणी धुक्यातून आली. साधी बाई, पायात मळके बूट, हातात वही. तिनं पहिल्या क्रेटवरचा कागद उचलला.

बारीक फळं. वाकडी. एकावर पोपटाची टोच.

तिनं दुसऱ्याचा कागद उचलला. बारीक. तिसऱ्याचा. बारीक. ओट्यावर कुणी हालेना. मी खाली, माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. अशा वेळी जमीन दुभंगते म्हणतात, पण ती कधीच दुभंगत नाही.

"तुमचा चांगला माल कुठे ठेवलाय?" पाहुणीनं सभ्यपणे विचारलं.

मामा पुढे झाला. त्याला काहीच कळत नव्हतं. हातांना जे येत होतं ते हातांनी केलं. रिकामं क्रेट पालथं घातलं, गुडघा टेकवला, फिरवलं. मोठी, गोल, पिवळसर फळं वर आली. दुसरं फिरवलं. तशीच. तिसरं. पाहुणी चकित झाली आणि हसली. "हे काय, तुम्ही उलटं भरता?"

चेअरमनबाईंना तेवढी फट पुरली. "आमची पद्धतच आहे ती. जड फळ खाली, हलकं वर. म्हणजे चेंबत नाही."

"हुशारी आहे," पाहुणी म्हणाली. तिनं वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

मी मामाकडे बघितलं. तो उलटलेल्या क्रेटजवळ गुडघ्यावरच होता. मला दिसत होतं, त्याला कळत चाललंय. आम्ही काय केलं होतं ते सांगते. चौथ्या वर्षी मी आईला म्हणाले होते, मामा पोटच बघतो ना? मग पोटच भरू. चांगली फळं खाली, बारीक वर, त्यावर कागद. तो कागद उचलत नाही, सरळ उलटतो. मला वाटत होतं, ही अक्कल फक्त आमच्याच घरात आहे. एकोणीस घरांतल्या प्रत्येकाला तसंच वाटत होतं. वर्षं गेली आणि तो चावटपणा न राहता हाताची सवय झाली. पाहुणी येणार म्हणून कागद बदलला, फळं पुसली, पण भरलं तसंच. आणि मामा रोज आपल्या हातांनी आमचं पोट वर करून, छान तोंड भरलेली क्रेटं शहरात पाठवत होता. दलालाकडे करायचा तेच. रस्त्याची काही चूक नव्हती.

तो गप्प बसला असता तर सगळं जमलं होतं. पेन कागदाला टेकलं होतं.

"बाई," मामा म्हणाला, "ही पद्धत नाही. ही माझ्यासाठी भरलीत."

मग त्यानं ताडपत्री पसरली आणि एकेक क्रेट पूर्ण ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला फळ ओतताना बघितलं. वरचं, मधलं, तळातलं, सगळं एकत्र घरंगळत गेलं. सातव्या क्रेटमध्ये कागदाखाली पेरूची पानं अंथरलेली होती. पानं फक्त आमच्याच घरी अंथरतात. तो क्षणभर थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. मग तेही ओतलं. त्यानं माझ्या कानाखाली दोन वाजवल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पाहुणीनं टोपण लावलं. ताडपत्रीवरचा एक बारीक पेरू उचलून वास घेतला. "ही लपवता कशाला?" ती म्हणाली. "रस काढणारे हीच मागतात. मोठी वेगळी द्या, मधली वेगळी, बारीक वेगळी. तिन्हींचा भाव करते. आठ दिवसांनी येईन आणि कुठल्याही क्रेटमध्ये कुठेही हात घालीन." जाताना वळली. "हे गृहस्थ तेव्हा इथे बसलेले हवेत. ते नसतील तर मी फाटकातूनच परत जाईन."

मामा त्या दिवशी माझ्याबरोबर घरी चालत आला. धुकं विरलं होतं, ऊन होतं, तरी तो धुक्यातून चालल्यासारखा चालत होता. कोपऱ्यावर म्हणाला, "मी म्हणत होतो, मी तोंडाकडे बघत नाही. इतकी वर्षं तोंडच बघत होतो की गं तुमचं."

दुसऱ्या दिवसापासून तो शेडवर आला नाही. तिथे तीन ढीग लागायला लागले. पहिल्या दिवशी भांडणं झाली, मधलं कुठे संपतं आणि बारीक कुठे सुरू होतं यावरून. दुसऱ्या दिवशी कुणीतरी कबूल केलं, मग शेजारच्यानं, मग "काय सांगता, तुम्हीपण?" करत सगळी शेड हसत सुटली. ओठांत एक आणि पोटात एक ठेवून माणूस किती एकटा पडतो ते मला त्या हसण्यात कळलं. दलालाकडे गेलेल्या घरांतली दोघं-तिघंही फाटकाशी रेंगाळून गेली. फक्त क्रेटांच्या थप्पीजवळची जागा रिकामी होती. चेअरमनबाई दोनदा मामाच्या घरी जाऊन आल्या. त्यानं त्यांना चहा पाजला आणि पाठवून दिलं.

"भिंतीकडे तोंड करून झोपतात," मामीनं मला सांगितलं. नेहमीसारखं टोचून नाही बोलली. "आणि झोपेत हात हलत नाहीत गं त्यांचे. दोन वेळा उठून बघितलं मी."

आठव्या दिवशी सकाळी मी आमच्या बागेतल्या मधल्या फळांचं क्रेट घेऊन त्याच्या घरी गेले. पुन्हा धुकं होतं. तो पायरीवर बसला होता, त्याच नव्या सदऱ्यात, पण बटणं न लावता. मी क्रेट त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"मामा, आमचंही होतं," मी म्हणाले.

"पानं ओळखली मी."

"सुरुवात मीच केली. आई नाही."

"तेही ओळखलं. तुझ्या आईला एवढी अक्कल नाही."

मी रडायला लागले. मला रडताना बघितलं की त्याला काही सुचत नाही, हे लहानपणापासूनचं आहे. त्यानं पायरीवरचं एक जुनं क्रेट ओढलं, त्यातल्या मामीच्या चपला बाहेर काढल्या आणि ते माझ्या क्रेटवर पालथं घातलं. कडा धरल्या. गुडघा टेकवला. आणि थांबला.

"उलटून बघू काय?" तो म्हणाला. "मी काय बघणार ते तुम्हाला माहीतच असतं."

त्यानं वरचं क्रेट बाजूला केलं. डोळे मिटले, बाही मागे सारली, आणि कागद फाडून हात सरळ मधोमध घातला, पार कोपरापर्यंत. बराच वेळ तो तसाच बसला होता, पाण्यात हात सोडून बसावं तसा. एक फळ काढलं. चाचपलं. ठेवलं. दुसरं काढलं. तिसरं. सगळी सारखी, मधली. एकावर ओरखडा होता, तेवढाच.

मामी दारात उभी राहून बघत होती. "झालं!" ती म्हणाली. "मामा आता मधोमध हात घालतो एवढं गावाला कळू दे, उद्यापासून चांगली फळं मधोमध. शेरास सव्वाशेर आहेत सगळे."

मामाचा हात अजून क्रेटमध्येच होता. त्यानं डोळे उघडले आणि विचार केला.

"भरू देत की," तो म्हणाला. "वर चांगली भरून झाली. खाली भरून झाली. आता मधोमध भरली, तर वाईट ठेवायची कुठं?"

आणि तो हसायला लागला. आठ दिवसांचं एकदम हसला. मामी हसली, मी नाक पुसत हसले. त्यानं ओरखडा असलेला पेरू सदऱ्याला पुसून खाल्ला, बटणं लावली, आणि "बाई येऊन उभ्या असतील" म्हणत क्रेटची एक बाजू धरली. दुसरी मी धरली.

पाहुणीनं त्या दिवशी अकरा क्रेटांत हात घातला आणि मग वही उघडली. तीन ढिगांना आता तीन भाव आहेत, आणि गेलेल्या बारा घरांपैकी सात परत आलीत. मामा अजून तपासणीला बसतो. दुपारी डबा झाला की पाठ टेकून डोळे मिटतो, पण हात फिरत नाहीत. उजवा हात तेवढा हळूच पुढे येतो, कशाच्या तरी आत गेल्यासारखा, आणि तिथेच थांबतो. काल मी त्याला उठवलं नाही. आपण होऊन जागा झाला तेव्हा विचारलं, "मामा, आज काय दिसलं?"

"पेरू," तो म्हणाला, आणि तोंड धुवायला नळाकडे गेला.